फरशीबाई

नव्या ऑफिसात पाऊल टाकलं की माणसं भिंतींचा रंग बघतात, छताचे दिवे बघतात, मालकाची खुर्ची किती मोठी आहे ते बघतात. फरशीबाई मान खाली घालून फरशी बघायच्या. ऑफिसांच्या जागा नव्याने आखून द्यायच्या, हा त्यांचा व्यवसाय, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरी पहिल्या दिवशी मालक लोक बुचकळ्यात पडायचे. बाईंचं काही हरवलंय की काय, असं त्यांना वाटायचं.

बाईंना मात्र तिथे सगळं सापडायचं. कुठल्या टेबलापासून कुठल्या टेबलापर्यंत फरशीची चकाकी उडाली आहे, यावरून कोणाचं कोणाशी काम पडतं ते त्यांना कळायचं. खिडकीपाशी टेबल नसताना फरशी झिजलेली दिसली, तर कोणीतरी रोज तिथे येऊन मोकळा श्वास घेतं हे त्या ओळखायच्या. एक बडे मालक आपली बैठकीची खोली मोठ्या कौतुकाने दाखवत होते. "आमचे सगळे निर्णय इथे होतात." बाई खाली बघून म्हणाल्या, "इथे तर कोणी फिरकत नाही. तुमचे निर्णय त्या जिन्याखाली होतात." मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनाही जिन्याखाली काय चालतं ते पक्कं माहीत होतं.

त्यांची आणखी एक खोड होती. मोजमाप घेताना मोजपट्टीचं दुसरं टोक त्या आपल्या माणसाच्या हातात कधी देत नसत. तिथे रोज बसणाऱ्यालाच बोलवायच्या आणि म्हणायच्या, "धरा जरा." टोक हातात आलं की माणूस आपोआप बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस बोलायचाही.

अशा या बाईंकडे एक दिवस त्यांच्या यजमानांच्याच कंपनीचं काम आलं आणि घरात पेच पडला.

कंपनी पंप बनवायची, आणि यजमान तिथे ड्रॉइंग विभागाचे प्रमुख होते. हॉलच्या टोकाला काचेच्या दाराची त्यांची खोली. माणूस कामाला वाघ. कागदावरची रेघ केसभर सरकली तरी त्यांना अन्न गोड लागायचं नाही. कंपनीत अडचण अशी होती, की ऑर्डर घेणारे विक्रीवाले आणि ड्रॉइंगवाले एकमेकांशी धड बोलत नव्हते, आणि त्यातून चुका होत होत्या. म्हणून मालकांनी सगळं ऑफिस नव्याने मांडायचं ठरवलं.

"माझ्या खोलीला हात लावायचा नाही," यजमानांनी जेवताना बजावलं.

"बघते," बाई म्हणाल्या.

"बघते म्हणजे?"

"म्हणजे बघते. अजून पाहिलीये कुठे मी तुमची खोली?"

समोर बसलेल्या लेकीला ठसका लागला. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने हसणं पाण्याबरोबर गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाई कंपनीत गेल्या. टोक धरायला विक्रीखात्यातला एक आडदांड गृहस्थ आला. त्याचा आवाज एवढा दांडगा, की फोन नसता तरी गिऱ्हाइकाला ऐकू गेला असता. मोजत मोजत दोघं यजमानांच्या खोलीशी पोचले आणि बाई थबकल्या. दाराच्या बाहेर, हातभर अलीकडे, ताटाएवढ्या जागेत फरशी पार निस्तेज झाली होती.

"इथे कोण उभं राहतं हो?"

गृहस्थाचा आवाज एकदम खाली आला. "आम्हीच. सगळेच."

"का? साहेब ओरडतात?"

"छे हो! आवाज चढवलेला कधी ऐकला नाही. पण आत गेलं, की ते मान वर करतात आणि चष्म्यावरून बघतात. बस्स! काय विचारायचं होतं तेच डोक्यातून जातं." मग घुटमळत तो म्हणाला, "मागे एका पंपाच्या झाकणाला भोकं सहा की आठ, एवढंच विचारायचं होतं मला. इथे उभा राहिलो, अन् परत गेलो. आठ पाडायला सांगितली. सगळा माल परत आला."

बाईंना आठवलं. तो माल परत आला त्या दिवशी यजमान ताटावरून अर्धपोटी उठले होते. "मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?" हे एकच वाक्य ते घरभर बोलत फिरत होते.

आराखडा तयार झाला. त्यात यजमानांची खोली नव्हती. त्यांचं टेबल हॉलमध्ये मोठ्या खिडकीपाशी होतं आणि त्याला लागून दोन स्टुलं. यजमानांनी कागद पाहिला, घडी घालून परत दिला. "मालकांनी हे मान्य केलं, तर मी राजीनामा देईन."

ही पोकळ धमकी नव्हती. हा माणूस बोलेल ते करणारा, हे बाईंना लग्नापासून ठाऊक होतं. पण फरशी एक सांगते आणि कागदावर दुसरंच काढायचं, हे त्यांनी आजवर केलं नव्हतं. नवऱ्यासाठी केलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांच्याच्याने ते होईना. घरात अबोला सुरू झाला आणि लेकीला निरोप्याची नोकरी लागली.

"आई, बाबा विचारतायत मीठ कुठंय."

"त्यांना सांग, रोज असतं तिथेच."

सुताराने करवत उचलण्याआधी फरशीवर चिकटपट्ट्या लावून सगळा आराखडा खऱ्या मापाने आखायचा आणि लोकांना काही दिवस तसं बसवून बघायचं, ही बाईंची पद्धत. सगळे बसले. यजमान आपल्या खोलीतून हलले नाहीत. एकदाच बाहेर आले, ते एका पट्टीच्या भिंतीसमोर उभे राहून तोंडाने "ठकठक" म्हणाले, आणि आत जाऊन दार लावून बसले. लोक हसले. बाईंच्या जिव्हारी लागलं.

दुपारी त्यांनी दार उघडलं. "अहो, जरा बाहेर येता? इथे उभे राहा."

यजमान नाइलाजाने त्या निस्तेज फरशीवर उभे राहिले. बाई आत गेल्या, दार लावलं, यजमानांच्या खुर्चीत बसल्या, त्यांचा टेबलावरचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर चढवला आणि कागदात डोकं घातलं. यजमान बाहेर उभे. एकदा घड्याळ पाहिलं, एकदा घसा साफ केला. शेवटी दार ढकलून आत आले. "अगं, काय हे..."

बाईंनी मान वर केली आणि चष्म्यावरून पाहिलं.

यजमानांचं वाक्य तोंडातच राहिलं. हॉलमधले फोन वाजत होते, पण उचलत कोणी नव्हतं.

"मी असा बघतो?"

"रागाने नाही बघत तुम्ही," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "डोळ्यांतली रेघ सुटायला वेळ लागतो तुम्हाला, एवढंच. मला माहीत आहे. बाहेर उभं राहणाऱ्याला कसं कळणार?"

यजमान परत बाहेर गेले आणि खाली त्या फरशीकडे बघत राहिले. "ते भोकांचं... तेही इथूनच परत गेलं?"

जवळच बसलेला तो आडदांड गृहस्थ छताकडे बघायला लागला. यजमानांना उत्तर मिळालं. त्यांनी आत जाऊन आपल्या टेबलाची एक कड धरली. "हात लावा रे कोणीतरी. खिडकीपाशी न्यायचंय."

स्वतःच्या नवऱ्याला त्याचं रूप चारचौघांत दाखवायचं आणि त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, ही कारागिरी कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. फरशीबाईंना ती साधली होती.

ऑफिस उभं राहिलं. गोंगाटाबद्दल यजमानांनी रीतसर कुरकुर केली, पण त्यांची स्टुलं रिकामी राहीनात. राजीनाम्याचा विषय कोणी काढला नाही.

मग एका संध्याकाळी बाई घरातल्या आपल्या कामाच्या खोलीत एका नव्या आराखड्यावर वाकल्या होत्या. बाहेर चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. अर्धवट लोटलेलं दार उघडलं तर यजमान खाली बसून दारासमोरच्या एका फरशीभोवती पट्टीचा चौकोन करत होते. तो झाला तसे उठले, शेजारच्या स्टुलावरचे चहाचे दोन कप उचलले आणि चौकोनात उभे राहिले.

"हे काय आता?"

"फरशी बघा, बाई."

बाईंनी खाली पाहिलं. आजूबाजूच्या फरश्यांवरची फुलं अजून ठसठशीत होती. या एकीवरचं फूल पुसट झालं होतं. दुनियेच्या फरश्या वाचणाऱ्या बाई वर्षानुवर्षं ही ओलांडून आत जात होत्या.

"हे कोणी केलं?"

"मी. चहा घेऊन येतो, इथे उभा राहतो. तू वाकलेली असतेस. परत जातो. दोन्ही कप मलाच प्यावे लागतात."

"अहो, मी कधी येऊ नका म्हटलं?"

"कधीच नाही. पण आत आलं, की तूही वर बघतेस. माझ्यासारखीच."

बाईंनी यजमानांच्या हातातले कप घेऊन खाली ठेवले. मग आत जाऊन मोजपट्टी आणली आणि तिचं टोक त्यांच्यापुढे केलं.

"धरा जरा. बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली माझं टेबल मावतं का बघू."

यजमानांनी टोक धरलं आणि बाहेरच्या खोलीकडे निघाले. खिडकीशी पोचायच्या आतच ते बोलायला लागले होते.