तो निरोप तिचा नव्हता

गेल्या फेब्रुवारीत माझी बायको वारली. इथे कॅनडात, मिल्टनमध्ये, तेव्हा इतका बर्फ पडला होता, की फ्युनरल होमची गाडी यायच्या आधी शेजारच्या पंजाबी माणसाने आपण होऊन आमचा ड्राइव्हवे शोव्हल करून दिला. इथे माती लगेच करावी लागत नाही, आठवडाभर सहज थांबता येतं. म्हणून मी वसईला तिच्या भाच्याला, तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलाला, फोन लावला आणि म्हटलं, तुमच्यापैकी कुणी येणार असेल तर आम्ही थांबतो.

तो म्हणाला, "आमच्यासाठी थांबू नका, काका."

बोलण्यात राग नव्हता. हे शब्द त्याने बरीच वर्षं सांभाळून ठेवले असावेत. ते मूळचे माझे होते. त्याच्या समजुतीप्रमाणे मात्र ते माझ्या बायकोचे होते, आणि ती समजूत मीच करून दिली होती. बायको गेली, तरी गावात ती समजूत अजून तशीच आहे. ती दूर करायला म्हणून हे लिहितो आहे.

गोष्ट क्रूझची आहे. महासाथीच्या आधीची, आम्ही दोघं नुकतेच रिटायर झालो तेव्हाची. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो, ती एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये. सुट्टी म्हणजे वसई, दुसरं काही आम्हाला ठाऊकच नव्हतं. टोरांटोच्या आसपासच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत कुणीतरी कॅरिबियन क्रूझचा विषय काढला आणि मी तो उचलून धरला. एजंट गाठला, जोडपी जमवली. कुणाला लिफ्टजवळची केबिन हवी, कुणाला बोट लागते म्हणून मधल्या भागातली हवी, ते सगळं मी बघितलं. लोक मला कॅप्टन म्हणायला लागले. कारखान्यात मला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं; इथे रोज फोन, "कॅप्टन, कोट घ्यायलाच हवा का? कॅप्टन, बाटली नेऊ देतात का?" मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे केलं त्याचं खरं कारण हेच होतं. बायकोच्या आनंदासाठी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

मायामीच्या बंदरावर दारातच हमालांनी आमच्या बॅगा घेतल्या आणि आम्ही नागमोडी रांगेत उभे राहिलो. पासपोर्ट माझ्याकडे, सगळ्यांचे कागद माझ्याकडे. बायको पुढे बायकांच्या घोळक्यात होती. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. मी रांगेतून निघून वॉशरूमच्या बाजूला गेलो.

"आई गेली, काका," तो म्हणाला. "चहा घेत होती. कप ठेवला आणि गेली."

ही बहीण माझ्या बायकोला आईसारखी. आई लवकर गेल्यावर तिनेच हिला वाढवलं होतं, हिचं लग्नही तिनेच करून दिलं. दर रविवारी दोघींचा फोन असायचा, चर्चहून आल्यावर, तासतासभर.

मावशीला फोन द्या, असं तो म्हणत होता. ती आत तपासणीला गेली आहे, असं मी सांगितलं. ती मला तिथून दिसत होती. मग त्याने विचारलं, माती थांबवायची का? आमच्याकडे आता घरोघरी कुणी ना कुणी आखातात, कॅनडात असतं. ते येईपर्यंत मयत शवागारात ठेवतात आणि गाव थांबतं. ते आले, तोंड बघितलं, की मगच पेटी बंद होते. एखाद्यासाठी थांबले नाहीत, तर तो जन्मभर बोलून दाखवतो. आणि एखाद्याने थांबू नका म्हटलं, तर त्याचं नाव गावात निघत राहतं.

मी त्याला म्हटलं, विचारून सांगतो.

विचारलं नाही. रांग पुढे सरकली, आमचे फोटो काढले, गळ्यात अडकवायची कार्डं दिली, आणि आम्ही पुलावरून बोटीत शिरलो. केबिन तयार व्हायच्या होत्या, म्हणून सगळ्यांना वर जेवायला पाठवलं. बायकोने ताटात कोळंबी घेतली होती. "अहो, साफ केलेली आहे सगळी," ती मला म्हणाली. "हे बायका ठेवतात की काय सोलायला?" सगळे हसले. मी उठून डेकवर गेलो आणि भाच्याला फोन लावला.

"ती म्हणते, थांबू नका," मी म्हटलं. "इतक्या लांबून जमायचं नाही."

"मावशी म्हणाली असं?"

"हो."

"बरं," तो म्हणाला.

मी म्हणतो थांबू नका, असं म्हणायची मला हिंमत झाली नाही. मी बाहेरचा माणूस. माझं कुणी ऐकलं नसतं, त्याने पुन्हा तिलाच फोन केला असता. तिच्या नावाने सांगितलं की विषय संपत होता. त्या वेळी बोट अजून धक्क्याला होती. आम्ही दोघं उतरू शकलो असतो. बाकीची मंडळी माझ्यावाचून बुडाली नसती.

आमची केबिन आतल्या बाजूची होती, खिडकी नसलेली. कपाटात एक छोटी तिजोरी होती. रोमिंगचं बिल येईल, असं सांगून मी तिचा फोन बंद करून त्यात ठेवला आणि नंबर लावला. तिने हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाली, "रविवारी तरी द्या हं. बाय वाट बघेल." बहिणीला ती बाय म्हणायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी नटून जेवायला जायचं होतं. जेवणानंतर बँड सुरू झाला. ती लाल ड्रेसमध्ये होती, टोरांटोला मुद्दाम शिवून घेतलेला. तिला नाचायचं नव्हतं, गुडघे दुखतात म्हणत होती. मी तिचा हात धरून उठवलं, कारण आमच्या ग्रुपमधलं कुणीच उठत नव्हतं आणि कॅप्टनने सुरुवात करावी असं सगळे म्हणत होते. मग ती नाचली. चांगली नाचायची ती, तरुणपणी लग्नांत तिला मुद्दाम बोलवायचे. आमच्यातल्या एका बाईने फोटो काढले. पुढच्या बंदरावर नेटवर्क आल्याबरोबर ते तिने आमच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकले, तिथून ते वसईला पोचले. तिकडे नुकतेच सगळे कबरस्तानातून परतले होते.

ते बंदर मेक्सिकोतलं होतं. मला तिथे उतरायचं नव्हतं, पण ती ऐकेना. दुकानांच्या रांगेत तिला कातडी सपाता दिसल्या, मऊ, रुंद पंजाच्या. बायचे पाय सुजतात, तिला कुठलीच चप्पल होत नाही, असं म्हणून ती खाली वाकली. बहिणीच्या पावलाचं माप तिला पाठ होतं, एक वीत आणि वर दोन बोटं. एकेक सपात हातात घेऊन ती वितीने मोजत होती. दुकानदार हसत होता. शेवटी एक जोड तिला पटला. "तुम्ही भाव करा," ती मला म्हणाली, आणि मी भाव केला. पुढे त्या सपाता तीच घरात घालायची. तिला त्या मोठ्या होत्या, जिना उतरताना फटफट वाजायच्या.

रविवारी बोटीवरच्या थिएटरात मिस्सा झाला. प्रवासाला आलेल्या एका म्हाताऱ्या फादरनी तो केला आणि ज्याला प्रार्थना मागायची आहे त्याने उभं राहावं, असं सांगितलं. ती उभी राहिली. मोडक्या इंग्रजीत तिने बहिणीच्या तब्येतीसाठी प्रार्थना मागितली. सगळ्यांनी उत्तर दिलं. मीही दिलं. बाहेर आल्यावर तिने फोन मागितला. समुद्रात लागत नाही, असं मी म्हटलं, आणि तिने ते खरं मानलं.

परत मायामीला उतरल्यावर मी तिला सांगितलं. विमानतळावर, खुर्च्यांवर बसलेलो असताना. तेही खरं सांगितलं नाही. निरोप मला आत्ताच मिळाला, समुद्रात फोन लागत नव्हता, माती केव्हाच झाली, असं म्हणालो. ती रडली नाही. तिने एकच विचारलं.

"माझ्यासाठी थांबले नाहीत?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना घाई होती."

घरी पोचल्यावर तिने कोटही न काढता वसईला फोन लावला. भाच्याच्या बायकोने उचलला. "आता वेळ मिळाला का, मावशी? नाचून झालं?" एवढं बोलून तिने ठेवून दिला. मला कुठे माहीत होतं, असं माझी बायको बंद फोनमध्ये म्हणत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना. मला कळलंच नव्हतं म्हणून सांगा. तुमचं ऐकतील."

मी फोन घेऊन बेसमेंटमध्ये गेलो. वॉशिंग मशीनपाशी उभा राहिलो, फोन लावला नाही. काही वेळाने वर आलो आणि म्हटलं, ऐकून घेत नाहीत.

आधीचं सगळं भ्यालेल्या माणसाने केलं, असं एखादा म्हणेल. हे मात्र मी शांत डोक्याने केलं. तिला खरं सांगायची त्या दिवसाइतकी चांगली संधी पुन्हा आली नाही, आणि ती तिने स्वतः माझ्या हातात दिली होती.

तिने नंतर फोन केला नाही. माझ्या बहिणीला माझ्यावाचून पुरली आणि वर मलाच टोमणे मारतात, असं तिने मनात घेतलं. तिकडे ते म्हणत राहिले, जिने वाढवलं तिच्यासाठी हिला क्रूझ सोडवली नाही. आम्ही एकदाच वसईला गेलो, नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी. ती माझ्या चुलतभावाकडे उतरली. स्वतःच्या माहेरच्या दारावरून रिक्षाने गेली. कबरस्तान मेणबत्त्यांनी आणि झेंडूने भरलं होतं. बहिणीच्या कबरीपाशी भाचा आणि त्याची बायको उभी होती. आम्ही दोन कबरी अलीकडे थांबलो, ते जाईपर्यंत. ते आमच्या अंगावरून गेले. भाच्याने मला मान हलवली, तिच्याकडे बघितलं नाही.

"तुम्ही बोलला होतात ना त्याच्याशी?" तिने मला हळूच विचारलं. "मग असं कसं करतो?"

मी तिच्या हातातली मेणबत्ती घेऊन पेटवली.

ती गेल्यावर वसईहून कुणी आलं नाही, फुलंही नाहीत. माती झाली आणि मी घरात एकटा राहिलो. आमची मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला असते, ती महिनाभर राहून गेली. एकदा आईच्या माहेरच्यांबद्दल तिने इंग्रजीत विचारलं, की ते आईशी इतके वाईट का वागले. ते वाईट वागले नाहीत, एवढंच मला म्हणता आलं. बर्फ वितळल्यावर मी भाच्याला फोन केला आणि रांगेपासून बेसमेंटपर्यंत सगळं सांगितलं. त्याने मध्ये तोडलं नाही. संपल्यावर म्हणाला, "मावशीला हे ठाऊक होतं?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"म्हणजे ती आमच्यावर रागावूनच गेली."

मी हो म्हटलं.

"आई घरात होती, पेटीत, आणि सगळे मावशीला शिव्या देत होते," तो म्हणाला. "मीही दिल्या. त्या आता कुठे नेऊन टाकू, काका?"

मागे त्याची बायको रडताना ऐकू येत होती. तिने फोन घेतला नाही. मी माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा त्याने मला थांबवलं. मला सांगून भागणार नाही, असं तो म्हणाला. गावात ज्या बायका अजून ती गोष्ट सांगतात, त्यांना कळायला हवं. त्याने सांगितलं तर मावशीसाठी खोटं बोलतोय असं वाटेल. तुम्ही लिहून द्या, मराठीत, तुमच्या हाताने. मी वाचून दाखवतो.

म्हणून हे लिहिलं आहे, आणि ज्या कुणाला वाचून दाखवलं जाईल त्यांनी एवढं नीट ऐकावं. तिला कुणी विचारलं नव्हतं. आपली बहीण जिवंत आहे असं समजून ती हसली, नाचली आणि तिच्यासाठी बाजार केला. तिला विचारलं असतं, तर ती त्या बोटीवर चढली नसती.

फोन ठेवताना मी त्याला सांगितलं, की या नोव्हेंबरात वसईला येईन म्हणतो.

"या," तो म्हणाला. "पण आमच्याकडे उतरू नका."

चुलतभावाकडे उतरेन, असं मी म्हटलं. तिकीट काढलं आहे.