चेंडू हाताने उचलणारा कोच

राजूरच्या कोळसा खाणीजवळच्या मैदानावर तो रोज सकाळी पोरींना फुटबॉल शिकवायचा. आपण नागपुरात खेळलो, तिथंच शिकवलं, मग मस्कतला चार वर्षं कोच होतो, असं सांगायचा. मैदानाला फेऱ्या मारताना मी ते ऐकायचो आणि मनात म्हणायचो, थापा! मस्कतचा कोच या कोळशाच्या धुळीत कायले येईल? शिवाय हा गडी चेंडूला कधी पायच लावत नसे. चेंडू जवळ आला की वाकून हाताने उचलायचा आणि फेकायचा.

एकदा तो पाठमोरा असताना मी मुद्दामच त्याच्याकडे चेंडू जोरात मारला. पोरी ओरडल्या, "सर!" तो गर्रकन वळला आणि उजव्या पायाने त्याने चेंडू असा अलगद झेलला, की तो बुटालाच चिकटून राहिला. मग तो गुडघा धरून खाली बसला.

"आता पटलं का, भाऊ?" तो हळूच म्हणाला. "डाक्टरनं मनाई केलती मले."

दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत आला. एका पोरीला सोडायला आलेल्या तिच्या बापाने विचारलं, "काय झालं, सर?"

"न्हाणीत पाय घसरला न," माझ्याकडे न पाहता तो म्हणाला.

इतके दिवस मी त्याचं खोटं पकडायला टपलो होतो. सापडलं ते हे एवढं एकच.