क्लेम भेटलाच नाही

माझ्या धाकट्या जावेचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. वय झालं, आता कशाला लपवू! सासऱ्यांनी लेआउटमधला प्लॉट दोघा भावांत सारखा वाटला, मधली भिंत एकच ठेवली. पण एप्रिल लागला की आमची बोअर नुसती हवा ओढते आणि तिची धो धो चालते. तिच्या घराला वरची खोली आहे, आमच्याला नाही. पाहुणे आधी तिच्या दारात चपला काढतात. आणि बाई स्वभावानं इतकी चांगली, की तिच्याशी धड भांडताही येत नाही. हा तर सगळ्यात मोठा त्रास.

त्या वर्षी दोन्ही घरांच्या विम्याची मुदत संपत आली होती. नव्या कंपनीत स्वस्त पडतं म्हणून कोणीतरी सांगितलं. भावाभावांनी ठरवलं, एजंटाला घरी यायला सांगितलं आणि आमचे हे गांधीबागेत दुकानावर, दीर कळमेश्वरला कारखान्यात, असे दोघं आपापल्या कामाला निघून गेले.

एजंट आधी माझ्याकडं बसला. “काकू, आधी कधी क्लेम टाकला होता?” मी सरळ सांगितलं. कूलरच्या मोटरनं पेट घेतला होता, पडदे, दिवाण, टीव्ही सगळं गेलं होतं, आणि कंपनीनं भरपाई दिली होती. त्यानं मोबाइलवर बोटं फिरवली, तोंड वाकडं केलं आणि हप्ता सांगितला. चांगलाच फुगलेला होता.

“म्हणजे खरं बोलल्याचा दंड का हो हा?”

“न सांगणं त्याहून महागात पडते, काकू. नामंजूर झालेला क्लेमही सांगा लागते. लपवला अन् उद्या घराचं काही झालं, त कंपनी सरळ हात वर करते.”

मग तो शेजारी गेला. मीही गेले मागोमाग. तिचा हप्ता किती येतो ते ऐकल्याशिवाय मला घास गोड लागला नसता.

तिच्याकडं त्याला घाई झाली होती, सारखे फोन येत होते. “आधी कधी क्लेम घेतला?” एवढंच विचारलं. माझ्याकडं ‘टाकला’ म्हणाला होता, तिच्याकडं ‘घेतला’.

“नाही जी,” ती हसून म्हणाली, “आपल्याले कुठं भेटते!”

आणि ते तिच्या परीनं खरंच होतं. वर्षभरापूर्वी व्होल्टेज वाढून तिचा फ्रिज आणि बोअरची मोटर जळाली होती. तिनं क्लेम टाकला आणि सर्व्हेअर यायच्या आतच, घाण कशाला ठेवायची म्हणून, दोन्ही कबाड्याला देऊन मोकळी झाली. सर्व्हेअर आला तर पाहायला काहीच नाही. क्लेम नामंजूर. भेटलाच नाही, तर घेतला कसा म्हणायचा?

एजंटानं ‘नाही’वर बोट ठेवलं. हप्ता आला. माझ्यापेक्षा कितीतरी कमी! वरून म्हणतो कसा, “या वहिनींचं रेकॉर्ड एकदम साफ आहे.” माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. घर तिचं मोठं, वरची खोली तिची, आणि हप्ता माझा जास्त?

अगं, तो नामंजूर झालेला सांग, एवढं एक वाक्य. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. “ताई, ओटीपी आला वाटते. माझा चष्मा भेटून नाही राहिला, वाचता काय?”

मी वाचला. एकेक आकडा, स्वच्छ आवाजात. वाचताना मनात होतं, बरं होईल, एकदा तरी हिचं काही अडकू दे.

पुढच्या वैशाखात वादळात मागचा कडुनिंब तिच्या वरच्या खोलीवर आडवा झाला. स्लॅब खचला, टाकी फुटली, पाणी जिन्यावरून खालच्या घरात. कोणाला लागलं नाही, हे नशीब. या वेळी तिनं विटेचा तुकडाही हलवू दिला नाही. “सर्व्हेअर पाह्यल्याबिगर झाडू लावायचा नाही,” म्हणून सगळ्यांना बजावत होती. पंधरा दिवस चौघं एका खोलीत झोपली. सर्व्हेअरनं सगळं पाहिलं, फोटो काढले. मग कंपनीचं पत्र आलं. आधीचा क्लेम कळवला नव्हता, म्हणून भरपाई नाही.

ते पत्र आणि एक अर्ज घेऊन ती माझ्या स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले.

“ताई, त्यानं विचारलं असतं त मी काहून लपवलं असतं? आता ह्यांनी तक्रार लिहिली. तुम्ही होत्या न तिथं. साक्षीदार म्हणून सही करा.”

मी अर्ज वाचला. दिरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नामंजूर क्लेमही सांगावा लागतो, हे एजंटाने आम्हा दोन्ही घरांपैकी कोणालाही सांगितले नाही.’

“हे म्हणून राह्यले होते, ताईंनाही विचारून पाहा,” ती म्हणाली. “मी म्हटलं, त्यात काय विचारायचं! त्यांना माहीत असतं त त्यांनी तिथंच सांगितलं असतं.”

पेन माझ्या हातात होतं. सही केली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती.

“मले सांगितलं होतं त्यानं,” मी म्हणाले.

तिला कळलं नाही. “कधी?”

“तुझ्याकडं यायच्या आधी. माझ्या घरात.”

“मग तुम्ही बोलल्या काहून नाही, ताई?”

“तुझा हप्ता माझ्यापेक्षा कमी आला होता, वं.”