आज काय केलंत?

दुपारी चारच्या सुमारास हॉस्पिटलची मिनीबस खाली थांबायची. दारात चपला काढता काढता बायको विचारायची, "आज काय केलंत?" तिच्या विचारण्यात खोच नसायची, पण मला तो प्रश्न झोंबायचा. "काही नाही," असं म्हणून मी पेपर तोंडापुढे धरायचो. पेपर आठ दिवसांपूर्वीचा असायचा.

ती सौदीतल्या खमीस मुशैतच्या सरकारी हॉस्पिटलात बायकांची डॉक्टर होती. एकट्या बाईला तिथे नेमत नसत, नवरा बरोबर हवा, म्हणून मी पाटबंधारे खात्यातून बिनपगारी रजा काढून गेलो. मी ओव्हरसियर होतो. माझ्या शब्दावर कालव्याचं पाणी सुटतं, असा माझा समज होता. इथे माझ्या राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावर, 'मुराफिक' लिहिलेलं, म्हणजे सोबत आलेला. काम करायला परवानगी नाही. बाहेर तेलाच्या पैशाने इमारतींवर इमारती उठत होत्या, सगळं जग कामाला लागलं होतं आणि मी कडी लावून येरझाऱ्या घालत होतो. खिडकी, फ्रीज, दार, पुन्हा खिडकी. फ्रीज उघडायचा, बघायचं, बंद करायचा. बाजारात जावं तर नेमकी नमाजाची वेळ होऊन शटरं खाली यायची. एकदा तर मी चालत्या घड्याळाला शिवी दिली.

आठव्या महिन्यात खात्याचं पत्र आलं. हजर होतो असं महिन्याभरात कळवा, नाहीतर तुमची जागा भरली जाईल. मी त्याच दिवशी 'हजर होतो' असं उत्तर लिहिलं, पाकिटात घातलं आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. पोस्टात टाकवेना. मी गेलो की तिलाही राहता येणार नव्हतं, आणि तिला तर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ऑपरेशन थिएटर मिळालं होतं. तिला सांगायची माझी छाती होत नव्हती. रोज पाकीट तेवढं चाचपून बघायचो.

अशात स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन आला. तो चिपळूणकडचा. ओट्यावर खुबूसच्या विकतच्या रोट्यांची पिशवी आणि अंड्यांची टरफलं बघून म्हणाला, "साहेब, रोज ह्याच खाता? बाईसाहेब दमून येतात नि तुमी घरात बसून."

"मला येत नाही," मी तुटकपणे म्हटलं.

"आमाला तरी कुठं येत होता? कॅम्पात खोलीत आठ जण. ज्याची पाळी, त्यानं रांधायचा. सात जणांना उपाशी ठेवून जाणार कुठं?"

मला लाज वाटली, सांगून टाकतो. आमच्या घरात पुरुष पाण्याचा तांब्याही हाताने भरून घेत नसत. पण फ्रीज उघडून बंद करण्याचाही आता वीट आला होता.

तो शुक्रवारी यायला लागला. मीठ किती, विचारलं की म्हणायचा, "अंदाजानं." सगळा जन्म मी सिमेंट, वाळू, खडी मापाने घालून घेतलेली, अंदाज या शब्दाचाच मला राग. पहिली आमटी खारट झाली, दुसरी करपली. तिसरी बायकोने दोनदा वाढून घेतली. मग तिच्या "आज काय केलंत?"ला माझ्याकडे उत्तर असायचं. "पिठलं." "भरीत." प्रश्न तोच होता. पण पाकीटही तिथेच होतं, आणि उत्तर धाडायला चार दिवस उरले होते.

त्याच सुमारास इलेक्ट्रिशियनच्या खोलीतला एक जण सुटीवरून परतला, त्याने आणलेले कडवे वाल आणि आमसुलं इलेक्ट्रिशियनने मला आणून दिली. बायको अलिबागची, बिरडं म्हणजे तिचा जीव. खमीस उंच डोंगरावर, हवा थंड, वालांना मोड येईनात. शेवटी पुरचुंडी माझ्या स्वेटरात गुंडाळून ठेवली. दोन दिवसांनी वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायला बसलो. बोटाने दाबलं की साल सुटते, दाणा पुढे येतो. शेवटचा वाल सोलून झाला तेव्हा दुपारची अजान केव्हाच होऊन गेली होती. दोन तास मी खिडकीशी गेलो नव्हतो, की कपाटाशी.

ती आली तीच उतरलेल्या चेहऱ्याने. "आज काय केलंत?"

"बिरडं."

हात धुऊन ती बसली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "कपड्यांखालचं पाकीट मी बघितलंय. कपाटातून कोट काढताना. दहा दिवस झाले."

"बोलली नाहीस."

"काय बोलू? खालच्या मजल्यावरची सिस्टर सांगते, वर दिवसभर पावलं वाजत असतात. अशा माणसाला थांबा कुठल्या तोंडाने म्हणू? तुमच्याबरोबर निघायला मी माझी बॅग काढून ठेवलीय."

मी पळी भांड्यात ठेवली. पाय तेव्हाही शिवशिवत होते. परत जाऊन कालव्यावर उभं राहावं, असं तेव्हाही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. उत्तर धाडायचा उद्या शेवटचा दिवस होता.

"मग," तिने ताटाकडे बघत विचारलं, "उद्या काय करणार?"

सोललेले वाल वाटीभर बाजूला ठेवलेले होते.

"वालाची खिचडी," मी म्हटलं.

तिने डाव्या हाताने डोळे पुसले आणि ताट पुढे केलं. मी अजून थोडं बिरडं वाढलं.