तीन जागा रिकाम्या होत्या

साहेबांनी कागद माझ्या मुलीच्या हातात दिला नाही. बंगल्याच्या कठड्यावर ठेवला, वर दगड ठेवला आणि दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, "उचल."

नऊ वर्षांच्या पोरीनं उचलला. व्हरांड्यात बेंचवर बसलेली पोरं बघत होती. मी तिच्या मागं उभी होते. तिला तो उचलू दिला. ते अजून खुपतं.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी तिथं रेजा, बांधकामावरची मजूर. डोक्यावर गिट्टीचं घमेलं, राहायला कॅम्पातली झोपडी. पोरगी गणितात दोन वर्ग पुढं. शाळेनं परीक्षा घेऊन हुशार पोरं निवडली. कारखान्यातले एक मोठे साहेब रविवारी सकाळी त्यांना आपल्या बंगल्यावर पुढचं गणित शिकवणार होते. निवडलेल्यांत माझी पोरगी पहिली.

पहिल्या रविवारी साहेबांनी आधी विचारलं, "कोणत्या टाइपचा क्वार्टर?" क्वार्टरवरून हुद्दा कळायचा. मग आडनाव विचारलं. मग म्हणाले, "हिनं बसायची गरज नाही. मी गणितं कागदावर देईन. घरी सोडवू दे."

गावात आम्हाला पाणी ओंजळीत वरून ओतायचे. ते सोडून इथं आलो, तर इथं कागद.

चार रविवार कागद नेले. उत्तर बरोबर यायचं, पण परत आलेल्या कागदावर लाल शाईत लिहिलेलं, रीत चूक. का चूक, ते नाही. मी चौथी शिकलेली, मी काय सांगणार? एक दिवस तिनं कागद माझ्यापुढं टाकला.

"माय, कागदाले विचारता येत नाही."

साहेबांना जाऊन विचारते म्हटलं, तर नवरा म्हणाला, "कागद देऊन राहिले, तेच लय झालं. तू कावून भांडतं?" शेजारणी हसल्या, "रेजाची पोर इंजिनेर होते वाटते!" माझ्या बाजूनं एक माणूस नव्हतं.

पाचव्या रविवारी पोरीला घेऊन मी सरळ व्हरांड्यात चढले.

"कागद नको साहेब. पोरगी इथं बसते."

"जागा नाही."

"चार बेंच हायत. एकावर तिघं. बारा झाले. पोरं नऊ. तीन जागा उरल्या. मले एकच पाहिजे."

साहेबांनी मोजलं. खरंच, बोटानं मोजलं. मग म्हणाले, "पायरीवर बसव."

"बेंचवर."

पोरगी शेवटच्या बेंचवर बसली. तिथं बसलेलं एक पोर उठून पुढं गेलं. वर्षभर त्या बेंचवर ती एकटी. पण हात वर करायची. साहेब दोनदा न बघितल्यासारखं करायचे. तिसऱ्यांदा सांगावंच लागायचं, का चूक ते.

दर रविवारी वर्ग सुटेपर्यंत मी फाटकाशी उन्हात उभी. बस म्हणणारं कोणी नव्हतं. तिला कोणी उठवलं असतं, तर मी पुन्हा आत गेले असते. पुन्हा मोजून दाखवलं असतं.

दगडाखालचा कागद त्यानंतर आमच्या घरात कोणी उचलला नाही. कोणी उचलणारही नाही.

फाटकाशी उभी होती, ती मी. रेजा. चौथी पास.