माझ्या चपला आणि वंदनाचे पाय

गरोदर माझी बायको होती, पण डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं मी द्यायचो.

वंदनाला सातवा महिना लागला होता. गावातल्या आशा सेविका, आमच्या शीलाताई, महिन्यातून एकदा सगळ्या गरोदर बायांना अंगणवाडीत गोल बसवायच्या. नर्सबाई तपासायच्या आणि वर तासभर गप्पा! मला ते पटेना. मी वरठीच्या कारखान्यातला परमनंट माणूस. माझ्या बायकोची तपासणी काय भिशीसारखी घोळक्यात व्हायची? (परमनंट होऊन चारच महिने झाले होते.)

"तेथी बाया आपसात बोलतेत. बरं वाटते," वंदना म्हणाली.

"बोलाले कायले जायाचं? भंडाऱ्याले स्पेशल डॉक्टर दाखवून राहिलो ना तुले!"

स्पेशल म्हणजे दोन तास बाकावर आणि तीन मिनिटं आत. फाइल माझ्या काखेत. डॉक्टर मॅडम वंदनाला विचारत, "डोकं दुखतं?" मी म्हणे, "अजिबात नाही!" "पायांवर सूज?" "छे!" शंभरपैकी शंभर मार्क! एकदा मॅडम वैतागल्या, "अहो, त्यांना बोलू द्या." मी वंदनाकडे वळून म्हणालो, "सांग ना, काही नाही म्हणून!"

पुढची तारीख महिन्यानंतरची होती. मधल्या काळात माझ्या चपला घरातून गायब होऊ लागल्या. ड्युटीवरून यावं, बूट काढावेत, तर चपला नाहीत! मग सापडायच्या मागच्या परसात. मी थेट शेजारच्या प्रल्हादवर आळ घेतला.

त्यानं पाय पुढे केला. "माहा नंबर सहा हाय गा! तुह्या चपलात मी डुबून जाईन!"

एका दुपारी तर चपलाही नाहीत आणि वंदनाही नाही. मी अनवाणी गावभर शोधत निघालो. अंगणवाडीच्या दारात बायांच्या चपलांची रांग होती आणि मधोमध माझ्या! त्या उचलल्या, आत जाऊन ओरडणार, तेवढ्यात आवाज आला.

"पाय पुढे करा अन एकमेकींचे पाहा," शीलाताई सांगत होत्या.

"अवो वंदनाबाई, बोट दाबलं तं खड्डा पडून राहिला!"

"पंधरा दिवस झाले," वंदना म्हणाली. "माह्या चपला पायात जाऊनच नाई राहिल्या. म्हनून ह्यांच्या घालून राहिली. डोकंबी लय दुखते."

"घरी नाई सांगितलं?"

"विचारलं कोनं?"

मी चपला हातात घेऊन दारातच उभा राहिलो. नर्सबाईंनी बीपी घेतलं, ते फार वाढलं होतं. त्यांनी ताबडतोब गाडी बोलावली. दवाखान्यात विचारलं, "हा त्रास कधीपासून?" सवयीनं माझं तोंड उघडलं, मग म्हणालो, "तिला विचारा." पंधरा दिवस मी चपला शोधत होतो. तिच्या पायांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, ओंजळीएवढी. दोघी वाचल्या, पण त्या शीलाताईंच्या गोलामुळे, माझ्या स्पेशलमुळे नाही. ते अजून सलतं.

आता बीपी मला आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "मीठ कमी केलं?"

"हो, अगदी—"

"कायचं कमी जी! लपून लोनचं खातेत!" फाइल वंदनाच्या काखेत होती.

"अहो, त्यांना बोलू द्या," डॉक्टर म्हणाले.

वंदना माझ्याकडे वळली. "सांगा ना, खातो म्हणून!"

"खातो, डॉक्टर," मी म्हणालो.