बिगरतिकिटाची सुमी

लेकीच्या, फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळात आधी आपण वठवणार त्या पात्राचा स्वभाव लिहायचा असतो. मी ऐटीत लिहिलं, 'नियमानं वागणारा आणि सज्जन'. शेजारी वाटाणे सोलत बसलेली माझी धाकटी बहीण सुमी खुदकन हसली, आणि मला पंचाहत्तर सालचं दौंडचं अंगण दिसलं. बाजेची आगगाडी, स्टेशनातून वेचून आणलेली पुठ्ठ्याची तिकिटं, आणि टीसी अर्थातच मी.

"दादा, बसू दे की रं!"

"बिगरतिकिटाचं न्हाई जमायचं. उतर!"

पाच वर्षांची सुमी उतरली ती दिसेनाशीच झाली. सापडली खऱ्या फलाटाच्या कडेला, रुळांवर वाकून तिकीट शोधताना. गाडी आली असती तर, हे आज सुचतं. तेव्हा मात्र मी धापा टाकत विचारलं होतं, "मिळालं का तिकीट?"

"दादा," माझ्या कागदावर बोट ठेवत सुमी म्हणाली, "ह्यातला एक शब्द खोड."